सायटोकाइनचा आकडा आला म्हणजे सिग्नल कळला असं नाही : या चुका टाळा

सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले इशाऱ्याचे प्रथिन-रेणू. ते मोजणाऱ्या एलायझा चाचणीची प्लेट पिवळी झाली की नवशिक्यांचा जीव भांड्यात पडतो. आकडा मिळाला, आलेख काढला, 'दाह वाढला' लिहून मोकळे. पण तो रेणू कशामुळे सुटला, कोणत्या रूपात सुटला आणि समोरच्या पेशीवर त्याचा रिसेप्टर (इशारा पकडणारं प्रथिन) होता का, यातलं काहीच त्या पिवळ्या रंगात दिसत नाही.

सगळ्यात जास्त घात करतं ते एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातलं एलपीएस. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं प्रथिन मॅक्रोफेज या प्रतिकारपेशींवर टाकलं, टीएनएफ हा दाहाचा सायटोकाइन भसाभस आला, की 'आमचं प्रथिन दाह पेटवतं' अशी घोषणा होते. प्रत्यक्षात आग लावलेली असते प्रथिनाला चिकटून आलेल्या एलपीएसने. रक्तातल्या मोनोसाइट पेशींना मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे साधारण १ एंडोटॉक्सिन युनिट, भरपूर झालं. आणि या खड्ड्यात फक्त नवशिकेच पडतात असं नाही. १९९८ मध्ये जिवाणूंचे रेणू ओळखणाऱ्या टीएलआर कुटुंबातला टीएलआर-२ हाच एलपीएसचा रिसेप्टर असल्याचं मोठ्या नियतकालिकांत छापून आलं. त्याच वर्षी ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने एलपीएसला दाद न देणाऱ्या सी३एच/एचईजे उंदरांत दोष टीएलआर-४ मध्ये असल्याचं दाखवलं. मग खरं कोण? २००० मध्ये विकतचं एलपीएस फिनॉलने पुन्हा शुद्ध करून पाहिलं, तर टीएलआर-२चा प्रतिसाद गायब! त्या एलपीएसमध्ये जिवाणूंची लिपोप्रोटीनं (चरबी जोडलेली प्रथिनं) मिसळलेली होती आणि टीएलआर-२ त्यांनाच ओळखत होता; एलपीएसचा रिसेप्टर टीएलआर-४च. एचएसपी-७० हे प्रथिन टीएनएफ सोडायला लावतं, हा दावाही २००३ मध्ये असाच एंडोटॉक्सिनवर येऊन आपटला.

म्हणून बाटलीवरच्या 'एंडोटॉक्सिन-फ्री' या अक्षरांवर जाऊ नका, हातातल्या लॉटची एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) चाचणी स्वतः करा. पॉलिमिक्सिन-बी हे प्रतिजैविक एलपीएसला अडवतं, लिपोप्रोटीनला नाही. 'प्रथिन उकळलं, परिणाम गेला, म्हणजे प्रथिनाचाच होता' हा लाडका शॉर्टकटही फसवा आहे, कारण एलपीएस अगदी थोडं असेल तर उकळल्यावर त्याचाही जोर उतरतो. टीएलआर-४ नसलेल्या पेशी मिळत असतील तर त्याच वापरा, त्यांत परिणाम टिकला तर तो एलपीएसचा नाही. आणि काचेची भांडी ऑटोक्लेव्ह केल्याने एंडोटॉक्सिन जात नाही. २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता, किमान ३० मिनिटं.

दुसरी चूक आयएल-१ बीटा या सायटोकाइनची. एलपीएस घातलं, चोवीस तास थांबलो, काहीच आलं नाही, म्हणजे किट खराब, अशी तक्रार येते. किट बिचारं ठीक असतं. एलपीएसने एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटक जागा होतो आणि आयएल-१ बीटाचं ३१ किलोडाल्टनचं कच्चं रूप पेशीत साठतं. ते कापून १७चं करायला कॅस्पेस-१ हे एन्झाइम लागतं आणि कॅस्पेस-१ला उठवायला दुसरा इशारा. उंदराच्या अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजसाठी एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३-४ तास. मग दुसरा इशारा म्हणून एटीपी ५ मिलिमोलर, ३० ते ६० मिनिटं. एटीपीचं द्रावण आम्ल असतं. पीएच ७.४ वर न आणता ओतलं तर पेशी आम्लाने बिथरतात आणि तुम्ही इन्फ्लमसोमचे (कॅस्पेस-१ला उठवणाऱ्या प्रथिनसंचाचे) गोडवे गात बसता. मानवी मोनोसाइट मात्र नुसत्या एलपीएसवरही आयएल-१ बीटा सोडतात, तेव्हा एका पेशीची रेसिपी दुसरीला लावू नका.

याची उलट बाजूही आहे. पेशी फुटल्या की कच्चं रूप बाहेर सांडतं आणि काही एलायझा तेही मोजतात. त्यामुळे एलायझासोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून सांडणारं एन्झाइम) मोजायचा आणि वरच्या द्रवाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखणारी चाचणी) करून १७ किलोडाल्टनची पट्टी डोळ्यांनी पाहायची. दोन दिवस जास्त जातात, जाऊ द्या.

वेळेबाबत घाई आणि आळस दोन्ही नडतात. टीएनएफ दिल्यावर एनएफ-कप्पा-बीला रोखून धरणारा आयकप्पाबी-अल्फा १५ मिनिटांत जवळजवळ नाहीसा होतो आणि तासाभरात पुन्हा बनू लागतो. जेवणाची सुट्टी संपवून पट्टी पाहणाऱ्याला 'काहीच बदल नाही' असंच दिसणार. ०, ५, १५, ३०, ६० मिनिटं, एवढे नमुने घ्याच.

आयएल-६ या सायटोकाइनला प्रतिसाद न देणाऱ्या पेशींना दोष देण्याआधी त्यांच्यावर आयएल-६चा रिसेप्टर आहे का पाहा. इशारा आत नेणारं जोडीदार प्रथिन जीपी-१३० जवळपास सगळीकडे असतं, रिसेप्टर मोजक्याच पेशींवर. विरघळलेला रिसेप्टर सोबत दिला की त्याच मुक्या पेशींत स्टॅट-३ हा आतला निरोप्या पेटतो. रुग्णाच्या बाबतीत हीच चूक महागात पडते. टोसिलिझुमॅब हे आयएल-६चा रिसेप्टर अडवणारं औषध दिल्यावर रक्तातलं आयएल-६ वाढतं, कारण रिसेप्टर अडल्याने ते उचललं जात नाही. तो आजार बळावल्याचा पुरावा नव्हे. उलट सीआरपी (यकृतात बनणारं, दाह दाखवणारं प्रथिन) खाली येतं, कारण यकृताला इशाराच पोचत नाही. मग संसर्ग असूनही सीआरपी शांत दिसू शकतं.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या :

रक्त तासन्‌तास टेबलावर ठेवू नका, नळीतल्या पेशी तिथेच सायटोकाइन सोडत बसतात.

रुमॅटॉइड फॅक्टर (अँटिबॉडींनाच चिकटणारी अँटिबॉडी) असलेल्या सिरममध्ये तो एलायझाच्या दोन्ही अँटिबॉडींना जोडून खोटा आकडा देतो; ब्लॉकर घालून पुन्हा मोजा.

स्टँडर्डच्या आलेखाच्या वर गेलेला आकडा रेघ लांबवून काढू नका, नमुना पातळ करा.

ब्रेफेल्डिन (प्रथिनं पेशीबाहेर जाऊ न देणारं रसायन) घातलेल्या विहिरीतला द्रव एलायझाला लावू नका. सायटोकाइन पेशीतच अडकलेलं असतं.

फॉस्फो-स्टॅटचा (फॉस्फेट जोडलेल्या स्टॅटचा) ब्लॉट दुधात ब्लॉक करू नका, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, आणि फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघू न देणारं रसायन) पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये आधीच घाला, आठवल्यावर नाही.