लिपिड रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटरी का भरून येते? या चुका टाळा

चालताना पोटरी भरून येते, थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा भरते. पायाच्या धमनीत अडथळा असल्याचं हे नेहमीचं लक्षण. पण हातात ‘एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नॉर्मल’ असा रिपोर्ट असला की ते वयावर ढकललं जातं आणि तपासणी राहून जाते.

फक्त एलडीएल वाचणं

कोलेस्टेरॉल रक्तात सुटं फिरत नाही. ते लायपोप्रोटीनच्या, म्हणजे चरबी आणि प्रथिनाच्या, कणांत भरलेलं असतं, आणि धमनीच्या अस्तरात शिरून अडकतो तो अख्खा कण. रिपोर्टमधलं एलडीएल म्हणजे त्या कणांतल्या कोलेस्टेरॉलचं प्रमाण. कण किती, हे त्यातून कळत नाही. मधुमेह असेल, पोटाचा घेर वाढलेला असेल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) जास्त असेल, तर कण लहान होतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावतं, त्यामुळे आकडा तोच राहून कणांची संख्या वाढते. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ स्टडी’च्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात नेमकं हेच दिसलं: पायाच्या धमन्यांच्या आजाराशी एलडीएल कोलेस्टेरॉलचा ठळक संबंध आढळला नाही, लहान एलडीएल कणांच्या संख्येचा मात्र आढळला.

एक रिपोर्ट घेऊ. एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड २७० (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). अनेक लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. इथे १८० − ३४ − ५४ = ९२. वरवर ठीक दिसतं. आता एकूणातून फक्त एचडीएल वजा करा: १४६. हे नॉन-एचडीएल. ते एलडीएलपेक्षा साधारण ३० ने जास्त असावं, इथे फरक ५४ आहे. हा जादा भाग ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांचा, आणि तेही धमनीत साचतात. असा फरक दिसला की अपोलायपोप्रोटीन बी तपासून घ्यावं. एलडीएल असो वा व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइडने भरलेला कण), प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, म्हणून ही जवळजवळ कणांची मोजदादच. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर वरचं सूत्र वापरूच नये.

लायपोप्रोटीन (ए) कधीच न तपासणं

लायपोप्रोटीन (ए) म्हणजे एक जादा प्रथिन जोडलेला, एलडीएलसारखा कण. त्याचं प्रमाण मुख्यतः अनुवंशिक असतं, म्हणून प्रौढपणी एकदा तपासलं तरी बहुधा पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर धोका वाढलेला धरतात. एकक बघूनच वाचा. ठरावीक संख्येने गुणून एकातून दुसऱ्यात नेता येत नाही, कारण या कणाचं प्रथिन माणसागणिक लहानमोठं असतं. अपो ए-१ ही वेगळीच तपासणी आहे, ते एचडीएलवरचं प्रथिन. चिठ्ठीवर या दोन नावांची गल्लत सहज होते.

घोट्याचा दाब चुकीचा मोजणं

रक्ताचा रिपोर्ट धोका सांगतो, अडथळा सांगत नाही. त्यासाठी घोटा-दंड निर्देशांक. रुग्णाला ५ ते १० मिनिटं उताणं झोपवायचं, मग दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) वरचा दाब घ्यायचा. घोट्याला दोन जागी: पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागे. त्या पायाचा मोठा आकडा भागिले दोन दंडांतला मोठा आकडा.

दंड १३६ आणि १२८, उजवा घोटा ९८ आणि १०४, तर १०४ ÷ १३६ = ०.७६. ०.९० किंवा कमी म्हणजे आजार. बसवून मोजलं तर रक्ताच्या स्तंभाचं वजन घोट्यावर येतं आणि आकडा खोटा वाढतो. घरच्या बीपी मशीनवरही भिस्त ठेवू नका, घोट्याचा दाब फार कमी असेल तर ते चुकतं. १.४० च्या वर आलं तर खूश होण्यासारखं काही नाही: मधुमेहात किंवा किडनीच्या आजारात धमनी कॅल्शियमने कडक होते, पट्ट्याने दबतच नाही. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घेऊन त्याला दंडाच्या दाबाने भागावं, तिथे ०.७० किंवा कमी हे बिघाडाचं. आणि आराम करताना आकडा ठीक, पण चालताना दुखतंच, तर ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजायला सांगा.

पोटरी दुखते म्हणून स्टॅटिन बंद करणं

ही चूक फार महागात पडते. स्टॅटिनचं (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचं) स्नायूदुखणं सहसा दोन्ही बाजूंना, मांड्यांतही, आणि बसल्याजागीही असतं. धमनीचं दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. (वाकल्यावर किंवा बसल्यावरच थांबत असेल तर मणक्याचा विचार करावा.) शंका आली तर गोळी परस्पर सोडू नका, डॉक्टरांना सांगून क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासा. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, म्हणून लक्ष्य दूर असेल तर इझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारं दुसरं औषध) जोडण्याबद्दल विचारा. पायाचा आजार ठरलेल्यांसाठी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळच्या निम्म्याहून कमी, असं लक्ष्य आहे. फेरतपासणी ४ ते १२ आठवड्यांनी. तापात किंवा मोठ्या आजारपणात नको, तेव्हा आकडे खोटे खाली येतात.

तंबाखू पूर्ण बंद. चालणं मात्र बंद करू नका: बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला, असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, निदान १२ आठवडे. पावलावर न भरणारी जखम असेल किंवा रात्री झोपेत पाऊल दुखून पाय खाली सोडावा लागत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडला, तर तासाभराचीही वाट न पाहता इस्पितळ गाठा.