लपलेला जादूगार सापडत नाही? शिकाऱ्यांनी या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथा-खेळात "गावात जादूगार लपलाय, हुडका" ही मोहीम बेळगाव-खानापूरकडच्या टेबलावर मांडायला सोपी. वाडे, गोठे, आठवडी बाजार सगळं ओळखीचं, नकाशा डोक्यात तयार. तरी ती मध्येच अडकते. कारण शिकारी, म्हणजे जादूगार शोधणारे खेळाडू, स्पेलकडून (जादूच्या प्रयोगाकडून) जेवढी अपेक्षा करतात, तेवढं ते स्पेल करतच नाही. खालचे नियम या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ सालचे आहेत.

डिटेक्ट मॅजिककडं माणूस मागणं

सगळ्यात मोठी चूक हीच. डिटेक्ट मॅजिक हे स्पेल ३० फुटांच्या आतली जादू दाखवतं, जादूगार नाही. ज्याच्या अंगावर स्पेल चालू नाही आणि खिशात जादूची वस्तू नाही, तो विसाव्या लेव्हलचा विझर्ड (पुस्तकातून जादू शिकणारा) असला तरी शेजारच्या कुंभारासारखाच दिसणार. "अण्णा, इथं जादू हाय काय बघ की" असं खेळाडूनं विचारलं आणि डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) "नाही" म्हटलं, तर त्याचा अर्थ एवढाच की आत्ता, या ३० फुटांत, चालू जादू नाही. "हा माणूस साधा" असा निकाल त्यातून निघत नाही.

म्हणून वेळ बघून जा. सावध विझर्ड सकाळी मेज आर्मर, म्हणजे जादूचं चिलखत, चढवतो आणि तो ८ तास टिकतो. दुपारच्या जेवणाआधी फेरी मारली तर अंगावर जादूचं वलय सापडण्याची शक्यता जास्त; दिवेलागणीनंतर बहुधा काहीच नसतं. आणि लक्षात ठेवा, जादू जवळ आहे एवढंच आपोआप कळतं. वलय कुणाभोवती आहे आणि कोणत्या प्रकारच्या जादूचं आहे, हे बघायला एक ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्च करावी लागते. तो माणूस किंवा वस्तू डोळ्यांसमोर दिसतही असावी लागते.

स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) वाचवायला बरेच जण हे स्पेल रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकतात. त्याला १० मिनिटं जास्त लागतात, आणि मंत्र उघड पुटपुटावा लागतो, हातवारेही करावे लागतात. भर बाजारात हे केलं की जादूगार मागच्या गल्लीनं पसार. देवळामागच्या ओवरीत किंवा बंद खोलीत रिच्युअल उरका आणि मग बाहेर पडा. स्पेल १० मिनिटं टिकतं, म्हणजे १०० राउंड (सहा सेकंदांची एक फेरी). राउंडला ३० फूट चाललात तर ३,००० फुटांची फेरी होते. वाट आधी आखून ठेवा.

भिंत, पेव आणि कल्हईचा घोळ

हे स्पेल एक फूट दगड, एक इंच साधा धातू, तीन फूट लाकूड किंवा माती, आणि शिशाचा पातळ पत्रा यांनी अडतं. आपल्याकडच्या घरांना हे लावून बघा. जुन्या वाड्याची चिऱ्याची भिंत फूटभर जाड असेल तर पलीकडची खोली तुम्हाला आंधळी. आत जावंच लागेल. सागवानी कपाट, माडीची तक्तपोशी, दाराची फळी यातलं काहीच अडवत नाही. धान्याचं पेव मात्र उत्तम लपणजागा: तोंडावर तीन फूट माती असली की वरून काहीही कळत नाही.

तांब्याच्या हंड्यावर वाद होतो. हंड्याचा पत्रा इंचभर जाड नसतो, त्यामुळं तो अडवत नाही. "आतून कल्हई आहे" हे कारणही चालत नाही. कल्हई कथिलाची असते, शिशाची नाही. आतून शिसं लावलेली पेटी मात्र खरा अडथळा, आणि अशी पेटी साध्या घरात सापडणं हाच मोठा पुरावा.

दोन कॉन्सन्ट्रेशन एकावर एक

डिटेक्ट मॅजिक चालू असताना मनातले विचार टिपणारं डिटेक्ट थॉट्स टाकलं की पहिलं विझतं. दोघांनाही कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत लक्ष, लागतं आणि ते एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येतं. दोन शिकारी असतील तर काम वाटून घ्या. डिटेक्ट थॉट्स फक्त एक मिनिट टिकतं, म्हणून ते शेवटच्या दोन-तीन संशयितांसाठी राखा. बुद्धी ३ किंवा कमी असलेला किंवा कुठलीच भाषा न येणारा जीव त्यात दिसत नाही. हाच त्याचा सुंदर उपयोग: गोठ्यातल्या दहा म्हशींत एक जर रूप बदललेला ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) असेल, तर त्याची बुद्धी माणसाचीच राहते. जिचं मन या स्पेलला सापडलं ती म्हैस म्हणजे तोच. मनात खोल शिरायला गेलात तर मात्र समोरच्याला ते कळतं.

खोटं बोलू न देणाऱ्या झोन ऑफ ट्रूथ या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. १५ फूट त्रिज्या, १० मिनिटं, आणि त्यातून निसटायला करिष्मा सेव्ह (व्यक्तिमत्त्वाच्या जोरावर टाकायचा फासा). कोण फसलं आणि कोण निसटलं ते टाकणाऱ्याला कळतं. चूक होते ती प्रश्नात. आत अडकलेल्याला खोटं बोलता येत नाही, पण गप्प बसता येतं आणि वळवून बोलताही येतं. "तू कोण?" विचारलं तर "मी खानापूरचा कुंभार" हे खरं उत्तर येईल. "तू कधी स्पेल टाकलंयस का? हो की नाही?" असं विचारा आणि टाळाटाळ झाली की तीच नोंदवा.

सगळ्यांची झडती एकाच पद्धतीनं

विझर्डकडं पुस्तक असतं. त्यात नवं स्पेल उतरवायला प्रत्येक लेव्हलमागं २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. शाई कोण विकत घेतं ते दुकानदाराला विचारा. सॉर्सररची जादू अंगचीच, त्याच्याकडं पुस्तकच नसतं. सटल स्पेल नावाची युक्ती वापरून तो मंत्र किंवा हातवारे न करता स्पेल टाकू शकतो, त्यामुळं तोंडाकडं बघत बसून उपयोग नाही. माग काढणाऱ्या जादूपासून लपवणारं नॉनडिटेक्शन स्पेल घेऊन फिरणारा दर ८ तासांनी २५ नाण्यांची हिऱ्याची पूड संपवतो. सराफाची वही हाताशी असेल तर हा माग सर्वांत पक्का. हे स्पेल डिटेक्ट मॅजिकला फसवतं का, यावर टेबलावर भांडण होतं. डीएमनं खेळ सुरू होण्याआधीच ठरवावं.

समोर कुणी स्पेल टाकत असेल तर पर्यायी नियमानुसार ते ओळखायला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत झटकन करायची एक कृती) आणि अर्काना या जादूज्ञानाच्या कौशल्याचा फासा लागतो; त्यात १५ अधिक स्पेलची लेव्हल एवढा आकडा गाठावा लागतो. ओळखण्यात रिॲक्शन गेली की त्याच स्पेलवर ते मोडणारं काउंटरस्पेल टाकायला ती उरत नाही. एकानं ओळखावं, दुसऱ्यानं रोखावं.

डीएमसाठी

इथल्या खऱ्या देवस्थानाचे भक्त किंवा खऱ्या जातीची माणसं जादूगार म्हणून मांडू नका, करणी-भानामतीचे शब्दही टाळा. खोट्या आरोपानं इथं खऱ्या माणसांचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. महाराष्ट्रानं २०१३ साली आणि कर्नाटकानं २०१७ साली त्याविरुद्ध कायदे केले. गाव काल्पनिक ठेवा.

एका पुराव्यावर मोहीम टांगू नका, तीन माग पेरा: एक खरेदीचा, एक सवयीचा, एक जनावराचा. जनावराचा माग बहुतेक शिकारी सोडून देतात. विझर्ड फॅमिलियरच्या (जादूनं बोलावलेल्या साथीदार जनावराच्या) डोळ्यांनी बघत असताना तो स्वतः आंधळा आणि बहिरा असतो, आणि त्यासाठी फॅमिलियर १०० फुटांच्या आत असावा लागतो. कौलावर एकच घुबड रोज बसत असेल, तर एकानं त्याच्यावर नजर ठेवावी आणि दुसऱ्यानं त्या टापूतल्या घरांत जाऊन हाक मारावी. ओसरीवर बसलेले काका डोळे उघडे असूनही तीन हाकांना ओ देत नसतील, तर तिथंच थांबा.