उन्हाची कामं आधी, पाण्याची नंतर

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, पावसाळ्याची तयारी बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होते. छत्र्या-रेनकोट आधी येतात आणि गच्चीवरची चीर पहिली सर कोसळल्यावर आठवते. छत्री जुलैतही मिळते. वाळायला लागणारं ऊन मिळत नाही. मोसमी पाऊस मुंबईला पोचायची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. तेव्हा मृगाच्या भरवशावर न राहता, ज्या कामाला कडक ऊन लागतं ते २० मेपर्यंत उरकायचं. बाकीचं रोहिणीत केलं तरी चालतं.

पहिला मान गच्चीचा. मेच्या पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या वाटा बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी २४ तास उभं करा आणि खालच्या मजल्यावर ओल कुठे उमटते ते पाहा. (स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील तर हा प्रयोग करूच नका, आधी इंजिनिअरला बोलवा.) ही चाचणी लवकर करायची कारण भिजलेला कोबा सुकायला पुढे चार-पाच दिवसांचं ऊन जातं. ओल्या कोब्यावर गळती रोखणारं रसायन मारलं की आतली वाफ वर येताना थराला फोड आणते आणि जुलैत तो पापुद्र्यासारखा सुटतो. दोष मालाला दिला जातो, चूक घाईची असते. चीर नुसती वरून लिंपू नये. छिन्नीने अर्धा इंच खोल उघडून, धूळ ब्रशने काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावी. मग पहिला हात, त्यातच फायबरची जाळी, आणि तो वाळल्यावर दुसरा हात आडवा. गच्ची आणि कठडा मिळतात तिथला वाटा, म्हणजे सिमेंटचा तो गोलसर कोपरा, विशेष निरखून बघा. गळतीचा उगम सपाट भागापेक्षा तिथेच जास्त वेळा सापडतो.

पन्हळी आणि डाउनटेक पाइप, म्हणजे गच्चीचं पाणी खाली नेणारे पाइप, दोनदा साफ करावे लागतात. एप्रिलमध्ये केलेली सफाई दिसायला छान असते, पण मेमध्ये सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो, पर्जन्यवृक्षाचा पाला उडत येतो आणि पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर त्याचा लगदा बसतो. म्हणून दुसरी सफाई जूनच्या तोंडावर. सपाट जाळी एका प्लास्टिकच्या पिशवीने बंद होते. घुमटासारखी उभी जाळी बसवा. शेवटी दोन बादल्या पाणी ओतून बघा. पाणी गुळगुळ करत रेंगाळलं तर गाळ वर नाही, खालच्या वळणात आहे.

खिडक्यांचं काम छोटं, पण विसरलं की महाग पडतं. इथला पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्या आधी. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. त्यांत धूळ बसली की पट्टी भरते आणि पाणी आत हॉलमध्ये उतरतं. जुना टूथब्रश आणि विणायची सुई एवढ्यावर काम होतं. चौकटीभोवतीचं जुनं सिलिकॉन सुटलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा, जुन्यावर नवं चिकटत नाही. भिंत कोरडी हवी आणि नंतर २४ तास पाणी लागू द्यायचं नाही. एसीचा पाइप भिंतीत शिरतो ते भोकही बघा. बाहेरच्या बाजूला पाइपला भोकाच्या खाली एक झोळ दिलेला असावा, म्हणजे पाइपावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, घरात येत नाही.

आता साठवण. गहू एपीएमसीतून आणा की जांभळी नाक्यावरून, दोन दिवस सकाळी नऊ ते दुपारी तीन उन्हात घाला. मग तो गार होऊ द्या, रात्रभर पसरून ठेवला तरी हरकत नाही. गरम धान्य डब्यात कोंबलं की झाकणाखाली घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. वर्षाचा गहू खराब होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये. दाणा तडकतो आणि भाताची कणी होते. तो सावलीत वाळवा. तूरडाळीला किलोमागे छोटा चमचा एरंडेल तेल चोळलं की टोके लागत नाहीत. कडुलिंबाचा पाला टाकायचा तर कडकडीत वाळलेला; हिरवा पाला टाकणं म्हणजे आपल्या हाताने डब्यात ओल ठेवणं.

मासे खाणाऱ्या घरांत सुक्याचा साठाही मेमध्येच होतो, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. चेंदणी कोळीवाड्यातून किंवा दिवाळे गावातून आणलेले बोंबील वाळलेले दिसले तरी घरी आणखी एक ऊन द्या. बोंबील कट्‌कन मोडला पाहिजे; वाकला तर त्यात पाणी आहे आणि पंधरा दिवसांत त्याला वास मारेल. जवळा चाळून वाळू काढा, कोरडाच जरा भाजा आणि कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. सोसायटीच्या गच्चीवर हे वाळत घालावं की नाही, ते शेजाऱ्यांच्या नाकावर ठरवा.

गाद्या-रजयांना उलटसुलट करून तीन-तीन तास ऊन पुरतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढा, नाहीतर मागच्या फळीवर बुरशी येते आणि दसऱ्याला शालू काढेपर्यंत कळत नाही.

गॅलरीतल्या बागेत एकाच कामाला घाई आहे. अडेनियम, निवडुंग आणि स्नेक प्लांट पहिल्या वळवाआधी छज्ज्याखाली घ्या. अडेनियमचं खोड बोटाने दाबून बघत राहा. मऊ लागलं तर आत सड आहे; पांढरा निरोगी भाग दिसेपर्यंत कापा आणि आठवडाभर सावलीत सुकवून मगच पुन्हा लावा. बाकीच्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, तळाची भोकं स्क्रूड्रायव्हरने मोकळी करा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर ठेवा. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डास होईपर्यंतचं चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं, त्यामुळे साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतण्यात खंड पडता कामा नये. ग्रिलवर टांगलेल्या कुंड्या सरळ खाली उतरवा. भिजलेली माती कुंडीला फार जड करते आणि वारा उरलेलं काम करतो.

उन्हाळ्यात उपयोगी पडलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पावसात वैरी होतं, ते पाणी धरून ठेवतं. नव्या कुंड्यांसाठी दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग विटांचा चुरा किंवा जाड रेती, आणि बारा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. आलं-हळद मेच्या मध्यावर लावा: डोळा वर, दोन इंच खोल, पसरट पिशवीत, आणि कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने, नाहीतर कंद आतल्या आत कुजतो. दोडका, दुधी यांचं बी रात्रभर भिजवून अर्धा-पाऊण इंच खोल टोचायचं, तेही आडोशाला. मोठ्या थेंबांखाली उघड्यावरचं बी मातीसकट वाहून जातं. जास्वंद आणि अनंताच्या फांद्या लावायला जूनसारखा महिना नाही. पेन्सिलीएवढी जाड, सहा-आठ इंचांची काडी डोळ्याच्या लगेच खाली कापा आणि खालची पानं काढा. कोथिंबिरीची हौस मात्र सप्टेंबरपर्यंत राखून ठेवलेली बरी.

सोसायटीतल्या मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तर अर्ज एप्रिलमध्येच गेलेला हवा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यामुळे पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वाळक्या झावळ्या आणि जून झालेले नारळ तेवढे पाडेल्याकडून आधी उतरवून घ्या, खाली गाड्या उभ्या असतात. येऊरच्या पायथ्याशी किंवा खारघरच्या डोंगराकडेला बैठं घर असेल तर भिंतीलगतचा लाकडांचा, विटांचा ढीग हलवा आणि मोरीच्या तोंडाला जाळी लावा. तरीही साप आलाच तर काठी न शोधता वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

विजेच्या डब्यातल्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या खटक्याचं, चाचणीचं बटण दाबा. खटका लगेच पडला नाही तर इलेक्ट्रिशियन आजच. सखल भागातल्या लोकांनी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा फ्रिजवर लावाव्यात. त्या वेळी जोराचा पाऊस झाला तर नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, रस्त्यावर चढतं. गाडी तेवढे तास उंचावर लावलेली बरी.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा पेन्सिल आणि टॉर्च घेऊन घरभर फिरा आणि ओलीच्या प्रत्येक डागाची कड आखून शेजारी तारीख-वेळ लिहा. अर्ध्या तासात खिडकीच्या कोपऱ्यात दिसला तो सिलिकॉनचा. दिवसाभराने छतावर उमटला तो गच्चीचा. पाऊस थांबून आठ दिवस झाले तरी जो वाढतच राहतो, त्याचा पावसाशी संबंध नाही. वरच्या घरातल्या मोरीचा पाइप तपासायला सांगा.