बास्तोनच्या जंगलात माउंटन बाइक घेऊन जाताय? मग या चुका टाळा

आइंडहोव्हन, कोलोन, लक्झेंबर्ग अशा ठिकाणी राहणारी आपली मंडळी लाँग वीकेंड आला की गाडीमागे सायकली बांधून बेल्जियमच्या आर्डेनमध्ये निघतात, आणि जायलाच पाहिजे, कारण एकीकडे हुफालीझ, जिथे माउंटन बाइकचा वर्ल्ड कप व्हायचा, आणि तिथून पंधरा-सतरा किलोमीटरवर बास्तोन, जिथे डिसेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी अमेरिकन सैन्याला ऐन बर्फात वेढा घातला होता. दणदणीत चढ-उतार, स्प्रूसची दाट झाडी, ओढे, आणि झाडांखाली सैनिकांनी खणलेले खड्डे अजून शाबूत. पण इथे लोकांची फजिती होते ती बऱ्याचदा एकाच कारणाने: चाकाखालची जमीन काय आहे याचा पत्ताच नसतो. लढाई नेमकी कुठे झाली, तिथेच का झाली हे थोडं डोक्यात शिरलं ना, की चाक कुठे घालायचं नाही हेही कळायला लागतं.

वाट सोडून झाडीत घुसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फॉय गावाच्या वरच्या अंगाला ब्वा जॅक नावाचं जंगल आहे, तिथे १०१ एअरबोर्न या अमेरिकन छत्रीधारी डिव्हिजनचे सैनिक कडाक्याच्या थंडीत खड्डे खणून बसले होते. आता खड्डे कुठे खणणार? समोरचं मोकळं शेत आणि त्यापलीकडचं फॉय दिसलं पाहिजे, त्यामुळे ओळच्या ओळ जंगलाच्या कडेला. आणि सायकलवाल्याला नेमकी तीच कड मोकळी, सपाट, शॉर्टकट मारायला एकदम बेस्ट वाटते! ऐंशी वर्षांत खड्डे बुजत बुजत कुठे गुडघाभर, कुठे त्याहून कमी राहिलेत, वरून स्प्रूसच्या सुया, वाळक्या फांद्या, शेवाळ, वेगात असताना काही म्हणजे काही दिसत नाही, पुढचं चाक आत जातं आणि माणूस हँडलवरून थेट पुढे.

आडव्या पडलेल्या ओंडक्यांचंही तेच. तोफगोळे झाडांच्या शेंड्यांवर आदळून वरच फुटायचे आणि लोखंडाबरोबर लाकडाच्या ढलप्याही खाली कोसळायच्या, म्हणून सैनिक खड्ड्यावर ओंडके टाकून छप्पर करायचे. हे वाचून गेलेला माणूस जंगलातल्या प्रत्येक ओंडक्याला छप्पर समजून फोटो काढत बसतो, बहुतेक वेळा ते लाकूडतोडीचं उरलेलं सामान असतं.

नियमही साफ आहे. वालोनियाच्या, म्हणजे बेल्जियमच्या या फ्रेंचभाषक भागाच्या, वनकायद्यात सायकलला रस्ते, कच्चे मार्ग आणि पायवाटा सोडून बाहेर जायची परवानगी नाही. त्यामुळे खड्डे बघायचे ते चालत, सायकल वाटेवर ठेवून. स्मारकाच्या दगडाला टेकवून नव्हे हां, हेही सांगावं लागतं. आणि खड्ड्यात उतरून पलीकडे उडी मारायचे जे व्हिडिओ काढतात त्यांच्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, शिव्या येतील. खड्ड्याची कड मातीचीच असते, दोन-चार चाकं गेली की ढासळते आणि मग ती कोणी परत बांधून देत नाही.

गंजकं लोखंड दिसलं की हात घालणं

पाऊस झाला, ओढ्याचा काठ खचला, किंवा लाकूडतोडीच्या मशीनने जमीन उकरली की जुनं लोखंड वर येतं. ते जेवणाच्या डब्याचं झाकण असेल, किंवा न फुटलेला गोळा असेल, चिखलात माखलेला असताना तुम्हा-आम्हाला फरक कळणार नाही. हात लावायचा नाही, पायाने उलटवून बघायचं नाही, बॅगेत टाकून हॉटेलवर तर अजिबात आणायचं नाही. लांबून फोटो, लोकेशन सेव्ह, बाकीच्यांना मागे घ्यायचं आणि पोलिसांना कळवायचं, पुढे लष्कराचं बॉम्बनाशक पथक बघून घेतं. तातडीच्या मदतीचा नंबर ११२, आणि '११२ बीई' नावाचं ॲप आधीच टाकून ठेवा, त्यातून कॉल केला की तुमची जागा त्यांना कळते. जंगलात पडून पाय मोडला तरी हेच कामाला येतं, कारण "मी स्प्रूसच्या झाडाखाली आहे" हे सांगून कोणाला काय सापडणार! मेटल डिटेक्टर न्यायचा विचार असेल तर तो घरीच ठेवा, तिथे परवानगीशिवाय चालत नाही.

"याच झाडाने युद्ध पाहिलं" असं म्हणणं

बहुतेक नाही पाहिलं. आर्डेनमधला स्प्रूस हा लाकडासाठी लावलेला असतो, पन्नास-सत्तर वर्षांनी तोडतात आणि पुन्हा लावतात. ब्वा जॅकमधलीही बरीच झाडी नंतरची आहे, जुनी आहे ती खालची जमीन.

डाउनलोड केलेल्या रूटवर आंधळा विश्वास

यामागेही स्प्रूसच आहे. गेल्या काही वर्षांत साल पोखरणाऱ्या भुंग्याने इथल्या स्प्रूसची वाट लावली, मग मोठाले पट्टेच्या पट्टे तोडले गेले, त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वी कोणीतरी अपलोड केलेली "मस्त सावलीतली सिंगल ट्रॅक" (एकाच सायकलपुरती अरुंद वाट) आज उघडं माळरान असते, त्यात मशीनच्या चाकांनी पाडलेल्या फूटभर खोल चाकोऱ्या, पाण्याने भरलेल्या. वाट मधेच संपली तर पुढे रेटायचं नाही, मागे फिरून शेवटच्या खुणेच्या खांबापर्यंत यायचं. एक सेफ पर्याय लक्षात ठेवा: बास्तोनहून बूर्सीकडे जाणारा जुना रेल्वेमार्ग आता रावेल, म्हणजे गाड्या नसलेला सायकलमार्ग झालाय आणि तो ब्वा जॅकला लागूनच जातो. वेढ्याच्या काळात हीच रेल्वेलाइन दोन अमेरिकन रेजिमेंटमधली हद्द होती. हरवलात तर ती गाठा, गावात पोचता.

शिकारीचे पोस्टर न वाचणं

ऑक्टोबर ते डिसेंबर हाका घालून शिकार चालते, रानडुक्कर, हरीण वगैरे, अगदी खऱ्या बंदुकीने. वाटेच्या तोंडाशी लाल पोस्टर असेल आणि त्यावर आजची तारीख असेल तर ती वाट बंद, विषय संपला. फ्रेंच येत नाही हे कारण नाही, तारीख वाचता येते ना? निघायच्या आधी बास्तोन किंवा हुफालीझच्या टुरिस्ट ऑफिसात विचारून घ्या.

आणि डिसेंबरच पाहिजे हा हट्टही जरा तपासा. १६ डिसेंबरला जर्मन हल्ला सुरू झाला, २२ ला शरण या म्हणणाऱ्या जर्मनांना अमेरिकन जनरल मॅकऑलिफने "नट्स!" (थोडक्यात, "चला फुटा!") एवढंच उत्तर पाठवलं, त्यामुळे त्या दिवसांत गावात जुन्या जीपा, गणवेश घातलेले हौशी लोक, तुडुंब गर्दी. बघायला भारीच, पण सायकलिंगला नाही. साडेचारच्या सुमारास सूर्य गायब, धुकं, रस्त्यावर बर्फ. राइड मे-जूनमध्ये करा, डिसेंबरला गेलात तर पायी फिरा.

एका दिवसात सगळं उरकणं

इथे प्लॅन सगळ्यात जास्त फसतो. आपण ५० किलोमीटर आरामात मारतो म्हणून ५०चा रूट आखायचा आणि त्यात फॉय, मार्दासोंचं स्मारक, रेकोन्यची जर्मन स्मशानभूमी, शिवाय गावाच्या दुसऱ्या बाजूचं आसेन्वा, जिथे २६ डिसेंबरला अमेरिकन जनरल पॅटनच्या रणगाड्यांनी वेढा फोडला, हे सगळं कोंबायचं. आर्डेनचे चढ छोटे पण एकामागून एक असतात, आणि प्रत्येक ठिकाणी वीस-पंचवीस मिनिटं जातातच. पंचवीस-तीस किलोमीटर पुष्कळ झाले.

दुसरं म्हणजे थंडी. चढ चढून घामाघूम व्हायचं आणि तसंच ओल्या जर्सीत स्मारकावरचे बोर्ड वाचत उभं राहायचं, दहा मिनिटांत दात वाजायला लागतात, मग पुढच्या उतारावर बोटं ब्रेक दाबत नाहीत. उतरल्या उतरल्या आधी जॅकेट, मग इतिहास. हे उन्हाळ्यात पण, कारण बास्तोन साधारण ५०० मीटर उंचीवर आहे आणि वारा सुटतो.

सुरुवात मार्दासोंपासून करा. १६ जुलै १९५० ला उद्घाटन झालेलं हे तारेच्या आकाराचं स्मारक गावापासून जवळच आहे, वरची गच्ची उघडी असेल तर चढा, कुठे जंगल, कुठे उघडं शेत, कुठून कोण आलं हे एका नजरेत कळतं आणि पुढची राइड सोपी जाते. सायकल मात्र खाली, पार्किंगपाशी. रेकोन्यच्या जर्मन स्मशानभूमीत ६,८०७ सैनिक आहेत, तिथेही सायकल फाटकाबाहेर आणि ब्लूटूथ स्पीकर बंद. जर्मन होते म्हणून चालतं असं काही नसतं.

चिखलात सायकल कुरकुरायला लागली तर

ब्रेक किंचाळतोय आणि लिव्हर हँडलपर्यंत जातोय? पॅड संपलेत. इथला चिखल बारीक खरखरीत असतो, रेझिनचे पॅड पावसात एका दिवसात झिजू शकतात, सिंटर्ड, म्हणजे धातूचे, टिकतात, तरी एक जोडी जवळ ठेवा. चेन वर ओढली जाऊन फ्रेमला अडकतेय? जोर मारू नका, मागचा गिअर धरणारा हँगर वाकेल, बाटलीतलं पाणी मारून धुवा, मग तेल. ओल्या मुळांवर मागचं चाक सटकतंय तर हवा थोडी कमी करा आणि मुळं काटकोनात ओलांडा, मुळावर असताना ब्रेक नको.

ट्रेनने सायकल नेऊ म्हणणं

बास्तोनला १९९३ पासून पॅसेंजर ट्रेन जात नाही. ट्रेनने लिब्रामोंपर्यंत, पुढे साधारण ३० किलोमीटर. बसमध्ये सायकल घेतील या भरवशावर राहू नका, गाडी बरी.

दोन युद्धांची खिचडी

व्हर्दंपण याच ट्रिपमध्ये करू असं म्हणणारे भेटतात. ते फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातलं, १९१६ची लढाई. तिथली जमीन कितीतरी जास्त धोकादायक आहे, नऊ गावं पार नष्ट झाली, आणि दुओमोंच्या अस्थिगृहात किमान १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत. त्याला वेगळा दिवस आणि जास्तकरून पायीच. आणि "आपले मराठे होते का बास्तोनला?" हा प्रश्न हमखास येतो. नव्हते, ते तेव्हा इटलीत लढत होते. नाईक यशवंत घाडगेंना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती जागा वरच्या टायबर खोऱ्यात, आणि मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ २०२३ मध्ये उभं राहिलंय. तिथेही डोंगर आणि झाडी आहेच, पुढच्या वर्षीचा प्लॅन तिकडचा करा.

रात्री अंग न तपासणं

गोचीड. उंच गवतातून, नेचातून गेलात की चिकटते, खसखशीएवढी असते, दिसत नाही. अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकपाशी, केसांत बघा. सापडली तर तेल-बिल न लावता बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत पकडून सरळ ओढा आणि तारीख लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल पसरायला लागला किंवा ताप आला तर डॉक्टरला ती तारीख आणि जागा दोन्ही सांगा.