आधी मागची भिंत, मग माणूस

रस्त्यावरच्या फोटोंत चेहरा छान यायचा, पण नेमका डोक्यातून विजेचा खांब उगवलेला! अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, मोठं उघडून मागचं धूसर करणं मला पटत नाही. त्यात रस्ताच पुसला जातो.

आता मी आधी पार्श्वभूमी निवडते: कोरी भिंत किंवा उन्हाचा पट्टा. खांब आड आला तर अर्धं पाऊल बाजूला सरकते. जवळचा माणूस आणि लांबचा खांब लगेच सुटे होतात. फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/८ (म्हणजे बऱ्यापैकी लहान छिद्र), फोकस ३ मीटरवर ठेवला की साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकससाठी थांबणं नाही. शटर १/५०० सेकंद.

मग माणूस चौकटीत येऊ द्यायचा. चालताना पुढची टाच टेकते, दोन्ही पायांमध्ये उजेड दिसतो, बटण तेव्हाच दाबायचं. पाय एकमेकांआड गेले की चालच हरवते.