घड्याळ आणायला निघण्याआधी: मनगट, कागदाची पट्टी आणि पुठ्ठ्याची चकती

पुण्यात लक्ष्मी रोडला "जरा बघून येऊ" म्हणत जाऊन स्मार्टवॉच घेणारे आणि सेल लागला म्हणून रात्री बारा वाजता मोबाइलवर मागवणारे, दोघंही एकाच खड्ड्यात पडतात. मी दुसऱ्या प्रकारातला. ४७ मिमीचं गोल, दणदणीत घड्याळ मागवलं. फोटोत ते एका पैलवानाच्या हातावर होतं, आणि माझ्या मनगटाचा घेर आहे साडेपंधरा सेंटिमीटर. पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात बसला, म्हणजे मापाचं आहे असं मी समजलो. सूर्यनमस्काराला हात टेकला की त्याची कड पंजात रुतायची, आणि पर्वती चढताना नाडी कधी ७० तर कधी एकदम १६० दाखवायची. डबा उघडलेला असल्याने परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला. चूक त्याची नव्हतीच म्हणा.

म्हणून आईसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा आधी चार दिवस घरी तयारी केली. ती जशी केली तशी सांगतो. तुमच्या घरातल्या हाताप्रमाणे बदलून घ्या.

सुरुवात मोजण्यापासून. शिवणाची टेप असेल तर उत्तम. नसेल तर दोरा घेऊ नका, तो ताणला जातो आणि चार-पाच मिलिमीटर सहज खातो. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, हाताभोवती गुंडाळा, जिथे मिळते तिथे पेनाने खूण करा आणि फूटपट्टीवर मोजा. कुठे गुंडाळायची हे महत्त्वाचं. करंगळीच्या बाजूला मनगटाचं हाड वर आलेलं असतं, त्यावर नाही, तर त्याच्या एक बोट मागे, कोपराच्या दिशेने. स्मार्टवॉचची जागा ती. साधं घड्याळ आपण हाडावर किंवा त्याच्या पुढे लोंबतं ठेवतो, त्यामुळे जुन्या घड्याळाच्या पट्ट्यावरून माप काढलं तर फसतं. मोजायचं संध्याकाळी. दिवसभर खाली लोंबकळलेला हात, त्यात एप्रिल-मेचं ऊन, यांनी मनगट सकाळपेक्षा थोडं भरलेलं असतं. सकाळी मोजून घेतलेलं घड्याळ संध्याकाळी वळ उठवतं. आईचा घेर सकाळी १४८ आणि संध्याकाळी १५२ मिमी भरला. मी १५२ लिहून ठेवला.

पण नुसत्या घेराने काम भागत नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी चुकते. ॲपल ४० मिमीच्या घड्याळासाठी १३० ते २०० मिमी घेर सांगते आणि ४४ मिमीसाठी १४० ते २२०. म्हणजे आईच्या १५२ ला दोन्ही चालतात! हे आकडे फक्त पट्टा लागेल की नाही एवढंच सांगतात. घड्याळ हातावर बसेल की बाहेर लटकेल हे ठरतं मनगटाच्या वरच्या सपाट भागावरून. तो मोजायला एटीएम कार्ड काढा. सगळ्या बँकांच्या कार्डाचं माप एकच, लांबी ८५.६ मिमी आणि रुंदी ५४. तळहात खाली करून हात टेबलावर ठेवा आणि कार्डाची ५४ मिमीची बाजू मनगटावर आडवी धरा. दोन्हीकडून कार्ड बाहेर डोकावत असेल तर तुमचं मनगट ५४ पेक्षा अरुंद आहे. मग फूटपट्टीने नेमकं बघा. आईचं भरलं ४९, आणि त्यातही कडा उताराच्या, खरा सपाट भाग ४४-४५ च्या आसपास. घड्याळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत या सपाट भागापेक्षा लांब नको. बारीक मनगटांसाठी मला सापडलेला हा एकच भरवशाचा नियम.

आता डब्यावरचा आकडा. गोल घड्याळात तो तबकडीच्या घेऱ्याचा व्यास असतो आणि पट्टा अडकवायची टोकं त्याच्या बाहेर असतात, म्हणून ४४ चं गोल घड्याळ मनगटावर बरेचदा ४८-५० ची जागा खातं. चौकोनीत आकडा उंचीचा असतो. ॲपलचं ४४ मिमीचं मॉडेल ४४ उंच आणि ३८ रुंद, आणि पट्टा आतच सरकत असल्याने बाहेर टोक निघत नाही. आकडा तोच, पण हातावरची गोष्ट वेगळी. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात दोन्ही मापं दिलेली असतात. तेवढी उतरवून घ्या आणि जाहिरातीतला हात विसरा. जाडीही बघा. ९-१० मिमी असेल तर बाहीखाली जातं, १४ च्या पुढे गेलं की बाही अडकते. वडिलांचं जुनं एचएमटी पट्टीवर ठेवलं तर ३५ मिमी भरलं, आणि त्या काळी तेही "मोठं पुरुषी घड्याळ" होतं. आपली नजर बिघडली आहे, मनगटं तेवढीच आहेत.

आता पुठ्ठा. जुन्या खोक्याचा तुकडा घ्या आणि मनात असलेल्या मॉडेलची मापं त्यावर काढा. गोलासाठी कंपासपेटीतला कंपास आहेच. गोलाला वर-खाली पट्ट्याच्या टोकांसाठी दोन-तीन मिलिमीटर वाढवा. तीन-चार तुकडे एकावर एक चिकटवून सेंटिमीटरभर जाडी करा आणि रबरबँडने हातावर बांधा. मोबाइलच्या पडद्यावर "खऱ्या आकारात" दिसणारं चित्र बघायचं असेल तर आधी एटीएम कार्ड त्याच्याशेजारी धरून पडद्यावरची पट्टी खरंच ८५.६ दाखवते का ते ताडून बघा, बहुतेक वेळा दाखवत नाही. पुठ्ठा खोटं बोलत नाही.

चकती बांधून आरशात बघून समाधान मानू नका, कामाला लागा. आईला ४४ ची गोल चकती बांधली आणि ती कणीक मळायला बसली. दोन मिनिटांत म्हणाली, "हे काय रे, मनगटावर पाटी लावल्यासारखं! हात मागे वळतच नाही." मनगट मागे वळलं की मोठी चकती पंजाच्या मागच्या भागाला टेकते, आणि मळणं, फरशी पुसायला हात टेकणं, दंड-बैठका, सूर्यनमस्कार, सगळीकडे मनगट वळतं. ४० ची चौकोनी बांधली तर कणीक बिनबोभाट झाली. दुचाकी चालवणाऱ्यांनी दुचाकीवर बसून बघावं. हँडलला हात लावल्यावर मनगट जेवढं वाकतं तेवढं घरात वाकत नाही. घड्याळाची चावी पंजाच्या बाजूला असेल तर ती दर स्पीडब्रेकरला दाबली जाते आणि घड्याळ काहीतरी बोलू लागतं. ॲपलसह बऱ्याच घड्याळांत सेटिंगमधून चावी उलट बाजूला घेता येते, पण मुळात घड्याळ हाडाच्या मागे असलं की हा त्रासच कमी. पुण्यातल्या बायकांनी वेगळी एक चाचणी करावी: सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. चकती बांधून ते घालून आणि काढून बघा. मोजे काढताना घड्याळ सोबत निघून येत असेल तर जाडी कमी करा.

बांगड्यांचं काय, हा प्रश्न आईनेच काढला. तिच्या दोन्ही हातांत पाटल्या. "मला बांगडी सव्वादोनची लागते, त्यावरून कळणार नाही का?" म्हणाली. कळत नाही. तुळशीबागेतला बांगडीवाला जे २.४ किंवा २.६ म्हणतो ते बांगडीच्या आतल्या व्यासाचं इंचातलं माप असतं, २.४ म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, सव्वादोन. पण ते पंजा आवळून बांगडी आत जाईल का याचं माप आहे, म्हणजे पंजाच्या रुंद भागाचं, मनगटाचं नाही. बारीक मनगट आणि रुंद पंजा असणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नाही. उलट पाटल्या आणि घड्याळ एकाच हातात असले की काच घासते. पाटल्या घड्याळाच्या कोपराच्या बाजूला ठेवल्या तरी हात खाली सोडला की सरकून येतातच. आईने डाव्या हातातली एक पाटली उजव्या हातात घातली आणि प्रश्न मिटवला. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी उजव्या हाताचं मनगट मोजावं. दोन हातांत दोन-चार मिलिमीटरचा फरक असू शकतो.

गोंदणाबद्दल एक सांगायचं राहिलं. घड्याळ नाडी मोजतं ते मागच्या हिरव्या प्रकाशाने. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, दर ठोक्याला शोषण कमी-जास्त होतं, तेवढं घड्याळ वाचतं. मनगटाच्या मागच्या बाजूला गडद गोंदण असेल तर हा प्रकाश अडतो. आजीच्या पिढीतल्या बाईसाठी घेत असाल तर गोंदण नेमकं कुठे आहे ते बघून हात ठरवा. आणि याच प्रकाशामुळे मापाचा मुद्दा नुसता दिसण्याचा राहत नाही. घड्याळ मनगटापेक्षा मोठं असलं की त्याची पाठ दोन्ही कडांना उचललेली राहते, बाहेरचा उजेड आत शिरतो, हात हलला की घड्याळही हलतं, आणि माझी पर्वतीवरची १६० ची नाडी तिथून येते.

याच्या उलट बाजूला डोळे आहेत. आई साठीची. बारीक अक्षरं तिला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि कणीक मळताना चष्मा कोण शोधतं? मोठी तबकडी हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे. बॅटरीचाही आहे. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वॉच ६ मध्ये ४० मिमीच्या घड्याळात ३०० एमएएचची बॅटरी आणि ४४ मध्ये ४२५ ची, लहान मनगटाला हा तोटा सोसावाच लागतो. पण अक्षरांचा आकार सेटिंगमध्ये वाढवता येतो, आणि त्याच मापाच्या गोल पडद्यापेक्षा चौकोनी पडद्यावर मजकुराच्या ओळी जास्त मावतात, कारण गोलात वरच्या-खालच्या ओळी कापल्या जातात. आम्ही शेवटी ४० चं चौकोनी आणि मोठी अक्षरं यावर आलो. बॅटरी रोज रात्री चार्ज करावी लागेल हे आईला आधीच सांगून टाकलं, नाहीतर तिसऱ्या दिवशी "तुझं घड्याळ मेलं" असा फोन येतो.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. डब्यात लहान आणि मोठा असे दोन पट्टे आहेत की एकच, हे विचारून ठेवा. गोल घड्याळात बहुतेक २० किंवा २२ मिमी रुंदीचा साधा पट्टा बसतो, तो पेठांतल्या कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात. कंपनीचा खास पट्टा असेल तर नंतर महाग पडतं. पावसाळ्यात चामड्याचा नको.

जायच्या दिवशी पिशवीत काय टाकायचं? खूण केलेली कागदाची पट्टी, पसंत पडलेली चकती, वाचायचा चष्मा, आणि घड्याळ ज्या फोनला जोडायचं तो फोन. फोन विसरू नका, कारण ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही, आणि गॅलॅक्सी वॉच ४ पासून पुढची सॅमसंगची घड्याळं आयफोनला जोडता येत नाहीत. मापात बसलेलं घड्याळ फोनमुळे परत ठेवावं लागलं तर चार दिवसांचा पुठ्ठा वाया. शहरात जायचं असेल तर संध्याकाळी जा, म्हणजे हात संध्याकाळचा असेल, आणि गाडी लावायला जागा शोधत बसण्यापेक्षा मेट्रोने मंडईला उतरा.

दुकानात मांडलेल्या घड्याळाला चोरीची तार आणि मागे ठोकळा असतो, तो असताना ना वजन कळतं ना पाठ बसते. तार काढून द्यायला सांगा, नाही म्हणाले तर पुढचं दुकान. हातावर बांधून वरून बघू नका, डोळ्यापासून वीतभर अंतरावर सगळंच मोठं दिसतं. सोबतच्या माणसाला पाच-सहा फुटांवरून फोटो काढायला लावा किंवा दुकानातल्या मोठ्या आरशात उभे राहून बघा, लोकांना ते तसं दिसणार असतं. मग मूठ वळा, हात मागे वाकवा, घड्याळाखाली करंगळीचं टोक सरकतं का बघा. सहज सरकलं तर सैल, अजिबात नाही तर घट्ट. डबा उघडल्यावर माप न पटल्यास बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारा, आणि "हो हो" म्हणाले तर बिलावर लिहून घ्या. हा शहाणपणा मला बाराशे रुपयांच्या तोट्यानंतर आला, तेवढं कमी करून मी ते ४७ चं मित्राच्या मुलाला विकलं. त्याच्या हातावर झकास दिसतं, तो कबड्डी खेळतो.

घरी आणल्यावर पहिला आठवडा पट्ट्याचं भोक ठरवण्यात जातो. चालायला जाताना एक भोक घट्ट, परत आल्यावर एक सैल, रात्री झोपताना काढून हात धुऊन कोरडा करायचा, नाहीतर घामाने पुरळ येतं. आई सध्या दिवसा तिसऱ्या आणि सारसबागेला फेऱ्या मारताना चौथ्या भोकात आहे. न वापरलेला मोठा पट्टा बिलासोबत डब्यातच ठेवला आहे. चकत्या मात्र शेजारच्या काकू घेऊन गेल्या, त्यांच्या सुनेला दिवाळीला घड्याळ हवंय.