निवृत्त फुटबॉलपटूची लोकप्रियता कशी जोखावी: ऑलिव्हर कानचे उदाहरण

निवृत्त खेळाडूची लोकप्रियता जोखताना चषकांची यादी बाजूला ठेवावी आणि प्रतिस्पर्ध्यांचे प्रेक्षक त्याच्याशी कसे वागत, हे आधी पाहावे. जर्मनीतील बायर्न म्युनिक क्लबचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याच्यावर बाहेरच्या मैदानांवर केळी फेकली जात आणि २००० साली फ्रायबुर्गमध्ये तर गोल्फचा चेंडू लागून त्याच्या डोक्याला जखम झाली. एवढा राग सामान्य खेळाडूच्या वाट्याला येत नाही.

त्यानंतर लोकांचे मत कुठे पालटले, ते शोधावे. २००२ च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवणारा तो पहिला गोलरक्षक ठरला, हे खरे. पण माझ्या मते निर्णायक ठरला तो २००६ चा बर्लिनमधील उपांत्यपूर्व सामना. जर्मनीच्या राष्ट्रीय संघातील आपली जागा घेतलेल्या गोलरक्षक येन्स लेमनशी त्याचे मुळीच पटत नसे, तरीही अर्जेंटिनाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटपूर्वी कानने स्वतः जाऊन त्याचा हात हातात घेतला.

देशाबाहेरचा पुरावाही तपासावा. २७ मे २००८ रोजी तो बायर्नकडून मोहन बागानविरुद्ध निरोपाचा सामना खेळला, तेव्हा एरवी ब्राझील-अर्जेंटिनावर जीव टाकणाऱ्या कोलकात्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर लाखभर प्रेक्षक लोटले होते.